लीदाच्या वाट्याचं तळण

ओमुरालीनं येत्या गुरुवारी बोर्सोक तळायचं ठरवलं. बस, एवढंच. त्याला निवडणूक लढवायची नव्हती, डोंगर चढायचा नव्हता आणि दुसरं लग्नही करायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी तशी बातमी उठवली होती खरी, पण ती निव्वळ त्यानं दुकानातून मैदा आणि यीस्ट आणलं म्हणून. एकट्या म्हाताऱ्यानं मैदा आणला की सरोवराकाठच्या आमच्या काराकोल गावातल्या लोकांना त्याच्या स्वयंपाकघरात बाई दिसू लागते.

बोर्सोक म्हणजे आंबवलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे. गरम तेलात सोडले की टम्म फुगतात. लग्नात ते ताटभर ओततात, पण गुरुवारचे बोर्सोक पितरांसाठी असतात. मेलेली माणसं गुरुवारी आपापल्या घराकडे फिरकतात, त्यांना खाता येत नाही, पण वास घेता येतो आणि तळणाच्या वासानं त्यांचं पोट भरतं, असा आमच्याकडचा हिशेब आहे. वास सुटला की घरातलं कोणी तरी धर्मग्रंथातली एक आयत म्हणतं, सगळे तळहात तोंडावरून फिरवतात आणि मग जिवंत माणसं चहाबरोबर बोर्सोक खातात. यात मेलेल्यांचं नुकसान नाही आणि जिवंतांचा फायदाच आहे.

ओमुरालीच्या घरात हे काम त्याच्या बायकोनं जन्मभर केलं. बायको लीदा, रशियन. गावातल्या लाकडी चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली, गळ्यात बारीक क्रूस घालणारी. तिनं ओमुरालीच्या आईसाठी तळलं, जिनं लग्नानंतर कित्येक वर्षं या सुनेशी एक शब्द बोलायचा नाही असा पण केला होता आणि तो पाळला होता. बापासाठी तळलं, काकासाठी तळलं. एका मावशीसाठीही तळलं, जिच्यासाठी वास सोडावा असं तिच्या पोटच्या पोरांनाही कधी वाटलं नव्हतं. लीदा म्हणायची, "येऊ दे की. दाराशी आलेलं माणूस उपाशी कशाला पाठवायचं?"

ही लीदा हिवाळ्यात गेली. एप्रिलमधल्या एका गुरुवारी ओमुराली बाहेरून घरात शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की घराला गुडघ्यांच्या मलमाशिवाय कसलाच वास येत नाही. मग त्याच्या डोळ्यांसमोर नको ते चित्र उभं राहिलं. दाराबाहेर सगळे पितर ताटकळत उभे आहेत, मावशी नेहमीप्रमाणे कुरकुरते आहे आणि घोळक्याच्या मागे, नवीन माणसानं उभं राहावं तशी, लीदा उभी आहे. सगळ्यांचं पोट भरणारी बाई, आणि तिच्यासाठी कढई चढवायला घरात कोणी नाही. ओमुरालीला इतकं भरून आलं की तो सपाता घालूनच मैदा आणायला गेला.

घरी आल्यावर त्यानं नातवाला सांगितलं. नातू एल्दियार, वय वीस, कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. आईबाप मॉस्कोत, बाप टॅक्सी चालवतो, आई हॉटेलच्या खोल्या आवरते. पोर दुपट्यात असताना ते त्याला लीदाच्या मांडीवर ठेवून गेले ते गेलेच. गेल्या दोन वर्षांत एल्दियार नमाजी झाला. हनुवटीवर मोजून काही केस आले, पँट घोट्याच्या वर गेली. पोरगा वाईट असता तर ओमुरालीची सोय झाली असती, चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पण एल्दियार दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, आजोबांच्या गोळ्या वेळच्या वेळी देतो आणि न सांगता भांडी घासतो. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे फार अवघड.

"येत्या गुरुवारी मी तळणारे," ओमुराली म्हणाला. "तुला काही करायचं नाही. शेवटी आयत तेवढी म्हण."

"आजोबा, हे वास सोडणं वगैरे आपल्या धर्मात कुठंच नाही. लोकांनी मागनं घुसडलंय."

"बरं, घुसडलंय. तू आयत म्हण."

"आणि आजीसाठी तर चालतच नाही."

"का?"

एल्दियारनं मोबाइल काढला. हल्लीच्या पोरांना 'का' विचारलं की ती मोबाइल काढतात. त्यात एक पंचविशीतला तरुण पुस्तकांच्या कपाटासमोर बसून, परधर्मातल्या मेलेल्या माणसासाठी दुवा मागता येते की नाही ते समजावून सांगत होता. येत नव्हती. पुस्तकांवरची किमतीची लेबलं अजून तशीच होती, हे ओमुरालीच्या नजरेतून सुटलं नाही.

"ती आपल्यातली नव्हती आजोबा," एल्दियार अगदी हळू आवाजात म्हणाला.

"आपल्यातली नव्हती? लहानपणी तुझं ढुंगण कोणी धुतलं रे? मशिदीच्या कमिटीनं?"

"ते वेगळं. माझं प्रेमच होतं तिच्यावर. आजही आहे. पण प्रेम वेगळं आणि श्रद्धा वेगळी."

प्रेम होतं हे खरंच होतं. लीदाची शवपेटी घरातून चर्चच्या फाटकापर्यंत एल्दियारनंच खांद्यावर आणली होती. फाटकाशी त्यानं खांदा दुसऱ्याला दिला आणि आतली प्रार्थना संपेपर्यंत तो बर्फात उघड्या हातांनी रडत उभा राहिला. बाहेर आल्यावर पुन्हा खांदा दिला. फाटकापासून वेदीपर्यंतचं अंतर चालायला त्याच्या धर्मात मनाई होती.

तेव्हा तळण आपल्यालाच करावं लागणार आणि आयतही आपल्यालाच म्हणावी लागणार, हे ओमुराली समजून चुकला. तो काही ऐरागैरा नव्हता. उभी हयात हवामान वेधशाळेत नोकरी केलेला माणूस. पाऊस, बर्फ, वारा यांच्या नोंदी त्यानं अशा ठेवल्या होत्या की प्रत्यक्ष पाऊसही त्याला विचारून पडायचा, असं तो निवृत्तीच्या भाषणात म्हणाला होता. अशा माणसाला पीठ मळता येऊ नये?

सल्ला घ्यायला तो शेजारच्या सालिकाबाईंकडे गेला, इथंच पहिली चूक झाली. सल्ला हा एकाच घरी कधी मिळत नाही.

"दूध कोमट घ्या भाऊजी," सालिकाबाई म्हणाल्या. "करंगळी बुडवून बघा. आणि अंडं घालू नका."

"लीदा घालायची."

"वहिनी कायपण घालायच्या नि त्यांचं चांगलंच व्हायचं. तुमचं तसं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी तर आता सूनबाई कामाला गेली की तळते. तिला नाही चालत. म्हणते, आई, हे पाप आहे. म्हणून खिडकी बंद करून तळते."

"खिडकी बंद केल्यावर वास बाहेर जाणार कसा?"

"पितरांना काय समजायचं ते समजू दे. मला सुनेबरोबर राहायचंय."

तळमजल्यावर युसुप नावाचा दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमानांपैकी, एक गृहस्थ राहायचा. त्याची बाजारात आशल्यान-फूची, म्हणजे थंड आंबट-तिखट शेवयांची गाडी. तेल या विषयात तो स्वतःला काझी समजे. तो म्हणाला दूध मुळीच नको, ताकाचं पाणी घ्या, आणि तेलात आधी अख्खा कांदा जाळा. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली कांदा जाळलात तर माझे वाळत घातलेले पडदे तुम्ही धुवायचे. ओमुरालीनं सगळ्यांचं ऐकलं. निम्मं दूध, निम्मं ताकाचं पाणी, अर्धं अंडं. सगळ्यांचं ऐकायची ही खोड त्याला नोकरीत लागली होती, आणि नोकरीतही तिचा उपयोग झाला नव्हता.

शिवाय वाऱ्याचा प्रश्न होता. हा कोणालाच सुचला नव्हता. सुचणार कसा, शास्त्रीय दृष्टी लागते. काराकोलवर दोन वारे वाहतात. पश्चिमेकडून, सरोवरावरून येतो तो उलान. पूर्वेच्या खिंडीतून येतो तो सान्ताश. ओमुरालीचे आईबाप पश्चिमेच्या गावी पुरलेले आणि लीदा शहराच्या पूर्वेला रशियन दफनभूमीत. म्हणजे सान्ताश असेल तर वास आईकडे, उलान असेल तर लीदाकडे. जन्मभर आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहिलेल्या माणसाला आता वाराही निवडावा लागत होता. ओमुरालीनं उलान निवडला. आईनं आजवर भरपूर खाल्लं होतं.

"वास काय पोस्टानं जातो का भाऊजी, पत्ता बघून?" सालिकाबाई हसून हसून बेजार झाल्या.

बुधवारी रंगीत तालीम करावी म्हणून त्यानं पीठ भिजवलं. यीस्ट किती घालायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी सांगितलेलं घातलं. पीठ फुगावं म्हणून पातेलं हीटरजवळ ठेवलं आणि जरा आडवा झाला. उठला तेव्हा पीठ पातेल्यातून उतरून स्वयंपाकघर पाहायला निघालेलं होतं. एक लोंढा हीटरवर चढून तिथंच भाजला होता. उरलेल्याचे तुकडे पाडून तेलात टाकले तर तेल असं भडकलं की ओमुरालीच्या भिवया कायमच्या आश्चर्यचकित झाल्या. धुरानं जिना भरला, वरच्या बाईचे पडदे काळे झाले आणि इमारत समितीच्या अध्यक्षा राखातबाई ओला टॉवेल नाकाला लावून दारात उभ्या राहिल्या.

"घरात तळायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या एकट्या माणसानं तर नाहीच नाही. अंगणात चूल लावा. पण परवानगी लागेल."

"द्या मग."

"अंगणात चूल तीनच गोष्टींना. मयत, लग्न, सुंता. तुमचं काय?"

"मयत."

"कोण गेलं?" राखातबाईंनी टॉवेल खाली घेतला.

"लीदा."

"अहो, ती हिवाळ्यात गेली! मयत ताजी लागते. आणि रशियन लोक अंगणात चूल लावत नाहीत, तसा नियमच नाही. ते घरात जेवतात."

"ती तुमच्या सासूबाईंच्या मयतीला तीन दिवस या अंगणात चुलीपुढे बसली होती राखातबाई. तेव्हा तुम्ही नियम विचारला नव्हता."

राखातबाईंचं तोंड एवढंसं झालं. बाई मनानं वाईट नव्हत्या, फक्त अध्यक्षा होत्या. बराच विचार करून त्यांनी वाट काढली. लग्नाला नोंदणीचा दाखला लागतो, मयतीला डॉक्टरचा, पण सुंतेला कोणी पुरावा मागत नाही. त्यांनी परवानगीच्या कागदावर 'सुंता' लिहिलं, शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे एक प्रत जिन्यात चिकटवली.

गुरुवार उजाडला तो सुरेख उलान घेऊन. ओमुरालीनं बोट ओलं करून वारा पाहिला आणि अंगणात चुलीवर मोठी कढई चढवली. पीठ या खेपेस सालिकाबाईंनी, सून कामाला गेल्यावर, गुपचूप मळून दिलं होतं. पहिला घाणा पडतो न पडतो तोच युसुप हातात साखरेच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आला.

"अभिनंदन, अभिनंदन! कोणाची सुंता?"

"कोणाचीच नाही."

"असं कसं? कागद लागलाय. घरात तर एल्दियारच आहे." मग युसुपचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे त्याची आजवर... रशियन आजीमुळे राहूनच गेली होती की काय?"

ही शंका ओमुरालीनं जागच्या जागी ठेचली, पण उशीर झाला होता. अर्ध्या तासात कॉलेजातून एल्दियार आला तो लालबुंद होऊन. त्याच्या मित्रांनी त्याला फोनवर शुभेच्छा दिल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी चूल, कढई आणि भिवया जळालेला ओमुराली यांचं चित्रण करून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'ख्रिश्चन बाईसाठी पितरांचा वास. तुमचं मत काय?' मत सगळ्यांना होतं. गावातल्या ज्या पोरांना सरोवराची खोली विचारली तर सांगता आली नसती, त्यांना परलोकाची इंच न् इंच माहिती होती.

"आजोबा, आधी चूल विझवा," एल्दियार म्हणाला. "लोक काय काय बोलतायत."

"पहिला घाणा करपलाय. दुसरा बरा येतोय. बस."

तो बसला नाही. तेवढ्यात फाटकातून पांढरी उंच कल्पाक टोपी घातलेला एक दणकट तरुण आत आला आणि ओमुरालीपुढे छातीवर हात ठेवून वाकला. हा बाइतेमिर. व्यायामशाळा चालवायचा आणि आपल्या पूर्वजांचा खरा धर्म म्हणजे तेंगिरी, म्हणजे आकाश, असं मानणाऱ्या मंडळात होता. ग्रुपवर पाहून तो मुद्दाम आला होता.

"काका, तुम्हाला मानलं! अरबांच्या नव्हे, रशियनांच्या नव्हे, आपल्या वाडवडिलांच्या वाटेनं जाणारा एक तरी माणूस या गावात निघाला. वास म्हणजे आकाशाला दिलेलं दान!"

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी बाजूनं बोलतंय म्हटल्यावर ओमुरालीला हुंदकाच यायचा राहिला. त्यानं बाइतेमिरला बसायला ओंडका दिला.

"कोणासाठी तळताय काका? आजोबांसाठी?"

"बायकोसाठी. लीदासाठी."

बाइतेमिर ओंडक्यावरून अर्धा उठला. "लीदासाठी? नाही काका. वास सात पिढ्यांच्या आपल्या रक्ताच्या माणसांसाठी असतो. बाहेरच्या बाईचं नाव यात घेतलं तर आपलेच पितर रागावतात. वाईट वाटून घेऊ नका. मी सगळ्यांचा आदर करतो."

"मीसुद्धा हेच सांगतोय यांना," एल्दियार म्हणाला. "अर्थात तुमचं ते आकाश वगैरे मला मान्य नाही."

"तुझं मला मान्य नाही," बाइतेमिर आनंदानं म्हणाला. "पण मुद्द्याला पक्का आहेस, हे आवडलं."

ओमुरालीनं तिसरा घाणा टाकला. एवढ्यानं भागलं असतं तर तो कशाचा गुरुवार! चर्चच्या बाजूनं लीदाच्या बहिणीचा नातू तिखोन धापा टाकत आला. हा एल्दियारच्याच वयाचा, चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचा, फादर व्हायचं म्हणत होता. लहानपणी एल्दियार आणि तो लीदाच्या स्वयंपाकघरात एकाच बशीतून जॅम चाटायचे. मोठे झाल्यावर दोघांनी एकमेकांना ओळख देणं बंद केलं होतं.

"ओमुराली आजोबा, तुमच्या पाया पडतो, हे थांबवा," तिखोन रडवेला झाला होता. "आजी बाप्तिस्मा झालेली होती. तिच्या आत्म्याला तेलाबिलाचा वास दाखवणं म्हणजे... तिला त्रास होईल तिकडे. आम्ही चर्चमध्ये तिच्या नावानं प्रार्थना करतो."

"करता ना? मग मीही येतो रविवारी. माझंही नाव घ्या."

तिखोन घुटमळला. "तुमचं नाव... तुम्ही आमच्यातले नाही ना. यादीत फक्त बाप्तिस्मा झालेल्यांचीच नावं घेतात."

"बरोबर आहे," एल्दियार म्हणाला. "त्यांच्याकडे आपलं कसं घेतील?"

"बरोबरच आहे," बाइतेमिर म्हणाला.

तिखोननं चमकून एल्दियारकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं. तो हळूच ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. एल्दियारही टेकला. बघता बघता तिघांच्या गप्पा रंगल्या. दुसऱ्याच्या लग्नात जावं, पण प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभं राहावं, यावर तिघांचं जमलं. जेवावं, पण आधी विचारून. शेजारी म्हणून मदत करावी, पण मेल्यावर ज्याचं त्यानं पाहावं. मिश्र लग्नं मुळीच होऊ नयेत, यावर तर त्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि टाळी देताना समोर अशाच एका लग्नाचा नवरा झारा घेऊन उभा आहे आणि आपल्यातला एक जण त्याच लग्नाचा नातू आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. जुन्या लोकांनी सगळी खिचडी करून ठेवली, असं बाइतेमिर म्हणाला. ओमुरालीला त्यांचा राग आला, असा राग त्याला कधी आला नव्हता. भांडली असती पोरं तर त्यानं मध्ये पडून सोडवली असती. पण ती गुण्यागोविंदानं बसली होती.

याच वेळी धार्मिक बाबी बघणाऱ्या कचेरीतले साहेब आले. कोणीतरी फोन करून कळवलं होतं की अंगणात बिननोंदणीचा धार्मिक विधी चालू आहे. साहेबांच्या गळ्यात ओळखपत्र आणि काखेत फाइल होती.

"हा विधी कोणत्या धर्माचा?" त्यांनी कढईकडे पेन रोखून विचारलं.

"आमचा नाही," एल्दियार म्हणाला.

"आमचा तर नाहीच," तिखोन म्हणाला.

"आमचाच आहे, पण असा नाही," बाइतेमिर म्हणाला.

"मग तुमचा?" साहेब ओमुरालीकडे वळले.

"माझ्या बायकोचा होता. ती दर गुरुवारी करायची."

"त्यांचा धर्म कोणता?"

"ऑर्थोडॉक्स."

साहेबांनी लिहायला घेतलं, थांबले, जिन्यातला कागद वाचून आले आणि म्हणाले, "इथं तर सुंता लिहिलंय." मग त्यांनी कपाळ पुसलं. एका कढईत इतक्या गोष्टी बसवायला त्यांच्या फाइलीत जागा नव्हती. त्यांनी ओमुरालीला ताकीद दिली की यापुढे धर्म ठरवल्याशिवाय तळायचं नाही. जाता जाता त्यांची नजर ओंडक्यावर गेली. दाढीवाला, क्रूसवाला आणि कल्पाकवाला, तिघं मांडीला मांडी लावून बसलेले.

"वा! तुम्ही तिघं वेगवेगळ्या धर्मांचे? आणि असे मित्र?"

"आम्ही एकमेकांचा आदर करतो," तिखोन म्हणाला.

"वा, वा! हालू नका." साहेबांनी चार फोटो घेतले. तरुणांमधल्या धार्मिक सलोख्याचा अहवाल महिनाअखेर पाठवायचा होता आणि त्यांना फोटोच मिळत नव्हता. एका फोटोत चौकटीच्या कडेला धुरात ओमुराली येत होता, म्हणून त्यांनी त्याला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं. तो सरकला.

साहेब गेले, तिखोन आणि बाइतेमिर एकमेकांचे नंबर घेऊन गेले. जाताना ओमुरालीनं दोघांपुढे ताट धरलं. कोणी बोर्सोक घेतला नाही, मात्र दोघांनी फार नम्रपणे नकार दिला. युसुप साखरेच्या गोळ्यांची पिशवी परत घेऊन गेला. अंगणात आजोबा आणि नातू उरले. उलान अजून होता आणि वास पूर्वेकडे चालला होता.

ओमुरालीनं चुलीशेजारी बसून हात उघडले आणि आयत म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत अडकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथंच अडकला. जन्मभर ऐकलेली, पण कधी म्हटलेली नव्हती.

"पुढचं सांग रे," तो म्हणाला.

एल्दियारनं नकारार्थी मान हलवली.

"मी रात्रपाळीला वेधशाळेत असायचो. गुरुवारी घरात आयत म्हणायला कोणी नसायचं. तुझ्या आजीनं सालिकाबाईंच्या सासऱ्यांकडे रोज जाऊन ती पाठ केली, माझ्या आईला कोणी म्हटलेली ऐकू यावी म्हणून. मग दर गुरुवारी तीच म्हणायची. तुलाही तिनंच शिकवली, स्टुलावर बसवून. चार वर्षांचा होतास. तुझी पहिली आयत तिच्या तोंडची आहे एल्दियार. ती तिला परत दे, एवढंच म्हणतोय मी."

एल्दियारचा चेहरा हलला. डोळे भरले. ओमुरालीनं ताट बाजूला ठेवलं आणि वाट पाहिली. पोरानं बाहीनं नाक पुसलं.

"तिनं चुकीची शिकवली होती आजोबा," तो म्हणाला. "मशिदीत गेलो तेव्हा सगळे हसले मला. ती सगळी विसरून मला नव्यानं शिकावी लागली."

ओमुरालीनं झारा कढईच्या काठावर ठेवला. कढईतलं तेल शांत होत आलं होतं. त्यानं विचारलं, "आणि मी गेल्यावर? माझ्यासाठी म्हणशील?"

"असं काय विचारता आजोबा?" एल्दियार कळवळून त्याच्याजवळ आला, त्यानं आजोबांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "रोज म्हणेन. पाची वेळा तुमच्यासाठी दुवा मागेन. तुम्ही आपले आहात."

"मग नको म्हणूस," ओमुराली म्हणाला.

"काय?"

"माझ्यासाठी काही म्हणू नकोस. मी तिच्याबरोबर दाराबाहेर उभा राहीन."

त्यानं आपला हात सोडवून घेतला, चुलीत दोन लाकडं सरकवली आणि पीठ उरलं होतं म्हणून आणखी एक घाणा टाकला.